स्वीडिश गिरमिट, तीन वर्षांनी: देवदारात आणि सागात

झाडाची वाढ मोजायचं गिरमिट घेऊन मला यंदा तीन वर्षं झाली. त्याचं खरं नाव इन्क्रिमेंट बोरर. पण आमच्या किनवटच्या सुतारानं ते हातात घेतलं, दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर पोकळ गिरमिट हाय." तेव्हापासून घरात आणि कॉलेजात त्याचं तेच नाव पडलंय. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सोबत डोंगराळ भागात उंची मोजायचं सुंटो कंपनीचं पीएम-५ हे क्लिनोमीटर आणि व्यासाची टेपही घेतली होती. तिन्हींबद्दल लिहिते, पण जास्त गिरमिटाबद्दल, कारण घ्यावं की नाही असा प्रश्न त्याच्याबद्दलच पडतो.

आधी वस्तू काय आहे ते. माझ्याकडचं स्वीडिश बनावटीचं, ४०० मिलिमीटर लांब आहे, झाडातून लाकडाची काडी ५.१५ मिलिमीटर जाडीची निघते आणि टोकाला दोन आट्यांचा स्क्रू आहे. तीन आट्यांचंही मिळतं; ते मऊ लाकडात भराभर शिरतं. मी दोन आट्यांचं घेतलं, कारण मला सागातही चालवायचं होतं आणि कठीण लाकडाला तेच बरं. गिरमिटाची नळी, काडी ओढून काढायची लांब पट्टी आणि मूठ, हे तीनच भाग. मूठ पोकळ असते, त्यातच बाकीचे दोन भाग ठेवून टोपण लावायचं. पर्समध्ये मावतं. ही रचना १९व्या शतकातली, माक्स रॉबर्ट प्रेसलर यांची. जर्मनीत थारांट इथं वनशिक्षणाच्या संस्थेत ते शिकवायचे. आज जे मिळतं त्यात पोलाद सुधारलंय, कल्पना तीच आहे: झाड न तोडता सालीपासून गाभ्यापर्यंतची पेन्सिलीच्या शिशासारखी एक काडी बाहेर काढायची आणि तिच्यावरची वलयं मोजायची.

घेतलं तेव्हा किनवटच्या जंगलात हे चालवायचं नाही हे मला पक्कं माहीत होतं. सरकारी जंगलात परवानगीशिवाय झाडाला भोक पाडायचा कुणाला अधिकार नाही, मोजण्यासाठीसुद्धा नाही. म्हणून पहिलं झाड मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. त्याच्या युनिटमधल्या जोडीदाराचं घर हिमाचलात, शिमला जिल्ह्यात रोहडूच्या वरच्या अंगाला. सफरचंदाच्या बागेच्या कडेला त्यांचे स्वतःचे देवदार आणि कैल (हिमालयातला पाइन) आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो. जोडीदाराच्या वडिलांना मी सगळं समजावून सांगितलं, त्यांनी एक देवदार दाखवला आणि म्हणाले, याला विचारा.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सूचिपर्णी झाड म्हणजे फाटकाजवळची मोरपंखी, नाहीतर शाळेच्या आवारातला सुरू. त्यातही सुरू सूचिपर्णी नाहीच. दिसायला तसा असला तरी तो फुलं येणारा, वेगळ्याच कुळातला. आणि मोरपंखी खरी सूचिपर्णी असूनही तिचा कधी जंगलाइतका विचार आपण करत नाही. त्यामुळे कैलाचा सरळसोट बुंधा पहिल्यांदा जवळून बघितला तेव्हा मला आधी त्याच्या फांद्यांचे मजले दिसले. एका उंचीवर चार-पाच फांद्या चहूकडे, मग हातभर मोकळा बुंधा, मग पुन्हा मजला. साधारण एका वर्षाला एक मजला. लहान कैलाचं वय असं खालून वर मोजत जाता येतं. आपल्याकडच्या कडुलिंबाचं, बाभळीचं असं काही करून दाखवा.

आता गिरमिट प्रत्यक्ष कसं चाललं ते.

साल खरवडून न काढता, तिच्या भेगेत टोक टेकवलं. पहिले दोन-तीन फेरे मूठ छातीनं दाबून द्यावे लागतात, नाहीतर स्क्रू पकडत नाही. एकदा पकडला की दोन्ही हातांनी नुसतं फिरवत राहायचं. देवदारात ते लोण्यात शिरावं तसं जातं असं म्हणणार नाही, पण दमछाक होत नाही. लाकूड कुरकुरतं. अंदाजे मध्यापर्यंत गेलं की पट्टी नळीत सरकवायची, मूठ एक फेरा उलटी फिरवायची, म्हणजे काडी टोकाशी तुटते, आणि पट्टी ओढून घ्यायची. पट्टीवर काडी आली आणि देवदाराच्या तेलाचा वास आला. गिरमिट लगेच उलटं फिरवून बाहेर काढलं. हे महत्त्वाचं आहे: काडी बघण्याच्या नादात गिरमिट झाडात राहू दिलं तर लाकूड त्याला आवळतं.

पहिली काडी मी चुकीच्या बाजूनं काढली. उभं राहायला सोपं म्हणून उताराच्या खालच्या अंगानं. त्या काडीत वलयं रुंद, तांबूस आणि कठीण होती, आणि मध्य सापडलाच नाही. उतारावरचं सूचिपर्णी झाड स्वतःला उभं धरून ठेवायला खालच्या बाजूला जास्त आणि वेगळं लाकूड घालतं. त्यामुळे मध्य सरकतो आणि खालच्या बाजूवरून वाढ मोजली तर ती फुगलेली येते. रुंद पानांच्या झाडांत हेच वरच्या बाजूला होतं. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते, तरी हात उताराकडेच गेला. मग समपातळीत, डोंगराच्या कडेकडेनं, समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोन काड्या घेतल्या. दोन का, तर एखाद्या वर्षी झाड एका बाजूला वलय घालतच नाही, आणि कधी एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. दोन काड्या शेजारी ठेवून अरुंद आणि रुंद वर्षांचा क्रम जुळवला की चूक सापडते. हे जुळवण्याचं शास्त्र अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी उभं केलं. ते मुळात खगोलशास्त्रज्ञ होते, झाडांकडे ते सूर्याच्या डागांचा शोध घेत आले. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत हिमालयातल्या झाडांच्या वलयांवरून जुन्या पावसापाण्याचा अभ्यास झालेला आहे.

काड्या रसवंतीवाल्याकडून आणलेल्या कागदी स्ट्रॉमध्ये ठेवून घरी आणल्या. प्लास्टिकच्या नळीत ठेवू नका, ओल अडकते आणि बुरशी येते. किनवटच्या त्याच सुतारानं लाकडी पट्टीत खाच पाडून दिली, तिच्यात काडी फेव्हिकॉलनं बसवली, धागे उभे राहतील अशी, आणि १२० पासून ६०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरनं घासली. शेवटच्या पेपरनंतर भिंगाखाली जे दिसलं त्यासाठी सगळा खर्च वसूल झाला असं मला वाटतं. सूचिपर्णी लाकडात आपल्या झाडांसारख्या मोठ्या वाहिन्या नसतात; जवळजवळ सगळं लाकूड एकाच जातीच्या लांबट पेशींचं. वसंतात त्या पेशी रुंद आणि पातळ भिंतीच्या, उन्हाळा संपता संपता चपट्या आणि जाड भिंतीच्या. मग थंडीत काम बंद. म्हणून फिकट पट्टा हळूहळू गडद होत जातो आणि एकदम तुटून पुन्हा फिकट सुरू होतो. तो तुटलेला काठ म्हणजे वर्षाचा शेवट. त्या देवदारावर मी ६८ काठ मोजले.

आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न कळल्यानं माणसं वलयांवरून भलताच निष्कर्ष काढतात. बाहेरची वलयं आतल्यांपेक्षा अरुंद दिसतात, म्हणून झाड म्हातारं होऊन थकलं असं वाटतं. पण झाड दरवर्षी एक रेघ घालत नाही, अख्खा वेढा घालतं. त्रिज्या १० सेंटिमीटर असताना ५ मिलिमीटरचं वलय पडलं तर वाढलेलं क्षेत्र ३२ चौरस सेंटिमीटर. त्रिज्या २० झाल्यावर अडीच मिलिमीटरचंच वलय पडलं तरी जवळपास तेवढंच, ३१.६. रुंदी निम्मी, लाकूड तेवढंच. म्हणून वलयाच्या रुंदीवरून नाही, वेढ्याच्या क्षेत्रावरून वाढ बघायची. हे मी आता मुलांना भाकरीच्या काठावरून दाखवते: लहान भाकरीला कडेनं बोटभर पीठ वाढवा आणि मोठ्या भाकरीला बोटभर वाढवा, कुठे जास्त पीठ लागलं?

टेप आणि क्लिनोमीटरबद्दल थोडक्यात, कारण त्यांत तक्रारीला जागा नाही. व्यासाच्या टेपवर दर ३.१४ सेंटिमीटर अंतरावर एक सेंटिमीटर छापलेला असतो. बुंध्याला गुंडाळली की घेर नाही, सरळ व्यास वाचायचा. आपल्याकडे तो जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायची पद्धत आहे, युरोपात १.३ वर. उतारावर वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजायचं. माझा देवदार ४१.६ सेंटिमीटर भरला. सुंटो तर मला फार आवडलं. अॅल्युमिनियमची लहानशी डबी, आत द्रवात डुलणारी तबकडी. एक डोळा भिंगाला, दुसरा उघडा ठेवून झाडाकडे, म्हणजे आकड्यांची आडवी रेघ शेंड्यावर टेकलेली दिसते. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. पंधरा किंवा वीस मीटरवर उभं राहायचं, त्या त्या अंतराची पट्टी वाचायची: शेंड्याचा २१, बुडाचा दीड, उंची साडेबावीस मीटर. पण हे सोपं वाटतं ते देवदाराला एकच टोक आहे म्हणून. आंब्याखाली उभं राहून हेच करा. जो कडेचा घुमट आपल्याला दिसतो तो शेंडा नसतोच, जवळची फांदी असते, आणि उंची जास्तच येते.

एक टोक, एक बुंधा. या एका गोष्टीमुळे जगातलं झाडांच्या वजनाचं गणित आधी सूचिपर्णी जंगलांत पक्कं झालं. नॉर्वेत १९१९ पासून, फिनलंडमध्ये १९२१ पासून अख्ख्या देशाच्या जंगलाची मोजणी चालत आली आहे. झाडाचं वजन काढायचं म्हणजे काही झाडं खरोखर तोडावी लागतात. बुंधा, साल, फांद्या, सुया वेगवेगळ्या तोलायच्या, नमुने भट्टीत वाळवून पाणी वजा करायचं आणि मग व्यासाशी त्याचा संबंध बसवायचा. स्वीडनमध्ये मार्कलुंड यांनी १९८८ मध्ये पाइन, स्प्रूस आणि भूर्ज यांच्यासाठी अशी सूत्रं दिली. अमेरिकेत जेनिफर जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जातींचे गट करून दिली. या सूत्रांत फक्त व्यास घातला की वजन मिळतं, कारण त्या जंगलात एका व्यासाच्या पाइनची उंची आणि आकार साधारण ठरलेले असतात.

हे सगळं मी इतकं का लिहितेय, ते आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात एका कंपनीची माणसं आली. कंपनीचं नाव इथं घेत नाही. बांधावरच्या झाडांनी हवेतून घेऊन लाकडात साठवलेला कार्बन विकून देऊ (तो झाडाच्या वजनावरूनच काढतात), करार वीस वर्षांचा, मोजणी मोबाइलवर. आमच्या बांधावर मामंजींनी १९९८ मध्ये लावलेले साग आहेत, शिवाय कडुलिंब, बाभळी. पोरांनी प्रत्येक झाडाचा घेर घेतला, फोटो काढला आणि गेली. महिन्यानं अहवाल आला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सूत्र होतं: व्यासाचा लॉगॅरिथम, गुणिले २.४३४९, वजा २.५३५६. मला ते आकडे ओळखीचे वाटले. कपाटातून टिपणं काढून बघितलं. अमेरिकेतल्या पाइनचं सूत्र. आमच्या सागाला, कडुलिंबाला, बाभळीला सरसकट तेच.

आता एक कडुलिंब घ्या. विहिरीजवळचा, दर उन्हाळ्यात शेळ्यांसाठी छाटलेला. व्यास ३० सेंटिमीटर, उंची जेमतेम ६ मीटर. पाइनच्या सूत्रानं त्याचं वजन येतं ३१३ किलो. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र आहे, ५८ ठिकाणची ४,००४ झाडं तोलून बसवलेलं. त्यात व्यासासोबत उंची आणि लाकडाची घनता दोन्ही घालावी लागतात. त्यानं येतं २०६ किलो. म्हणजे अहवालातला आकडा दीडपट. आणि शाव्हच्या सूत्रातली झाडं काही शेळ्यांसाठी दरवर्षी छाटलेली नव्हती, तेव्हा खरं वजन २०६ पेक्षाही कमीच असणार. शिवाय सागासाठी परक्या सूत्राची गरजच नव्हती. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणानं १९९६ मध्ये देशातल्या जातीजातींची घनफळाची सूत्रं छापलेली आहेत, त्यात साग आहे, देवदार आहे.

मी कंपनीला फोन केला. समोरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये तेच बसवलंय, आणि आकडा जास्त येतोय तर तुमचाच फायदा आहे. हे वाक्य मला अजून खुपतं. जो कार्बन झाडात नाही तो विकून आलेला पैसा मला नको, आणि उद्या कुणी नीट मोजणारा आला तर वीस वर्षांचा करार मामंजींच्या नावावर असणार, त्या मुलाच्या नाही. शिवाय त्या सूत्राची काही चूक नाही. ज्या पाइनसाठी ते बसवलं त्यांना ते चोख लागू पडतं.

म्हणून मग आमच्या बांधावर गिरमिट लावलं. मामंजींच्या परवानगीनं, त्यांच्याच समोर. शेजारचे काका बैलं घेऊन चालले होते, थांबून म्हणाले, "काय करायलात ओ मॅडम, झाडाला सुई टोचायलात का काय?" मामंजी म्हणाले, वय विचारायली.

सागात गिरमिट चालवणं देवदारासारखं नाही, हे घेणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं. स्क्रूला मधमाशीचं मेण चोळल्याशिवाय हात लावू नका. सागाच्या लाकडात सिलिका असते, सुताराच्या रंध्याची धार जशी जाते तशीच गिरमिटाचीही जाते. देवदार-कैलाच्या काड्यांनी जी धार जराही गेली नव्हती ती पाच सागांत बोथट झाली. बोथट टोकानं काडी पिळवटून, तुकड्यातुकड्यांत निघते. एकदा भर मे महिन्यात वाळल्या बाभळीत घातलं आणि ते अडकलं. थोरल्या दिरांनी आणि मी दोघांनी मिळून, दोर बांधून ओढत ओढत उलटं फिरवलं तेव्हा निघालं. त्यानंतर बाभळीला लावलेलं नाही. दुसरं असं की देवदार जखमेत राळ सोडून भोक बुजवायला बघतो. सागाला ती सोय नाही, कीड-बुरशीला वाट मिळू शकते. म्हणून मी एका झाडाला दोनपेक्षा जास्त भोकं पाडत नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच.

पण काडी चांगली निघाली. सालीखाली पांढरं, मग एकदम सोनेरी-तपकिरी, जुन्या चामड्यासारखा वास. सागात वर्ष ओळखायची खूण देवदाराच्या अगदी उलट: इथं थंडीनं नाही, कोरड्यानं काम थांबतं, आणि पहिल्या पावसाबरोबर मोठ्या वाहिन्यांची एक ओळ पडते. साध्या भिंगातून टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रांची रांग दिसते. काडी तुटते तीही बहुतेक त्या रांगेवरच. मध्येच पावसानं दडी मारली तर सागही खोटं वलय घालतो, म्हणून इथंही दोन काड्या. त्या झाडावर २२ वलयं आली. लावल्यापासून २४ पावसाळे झाले होते. काडी छातीच्या उंचीवर काढलेली, तेव्हा रोप छातीएवढं व्हायला दोन वर्षं गेली असं धरलं की हिशोब जुळतो.

मामंजींना मी काडी भिंगाखाली दाखवली. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी त्यांना रांगा दिसल्या. बाहेरून आत मोजत मोजत त्यांनी नखानं दोन वलयं दाखवली, एकमेकींना जवळजवळ चिकटलेली, आणि विचारलं, ही कोणची? मी मोजलं. २०१५ आणि २०१४. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या सालीच धाकटी जोडी विकली." लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा त्याच्या पुढचा, एप्रिल २०१६. आमची विहीर त्या आधीच तळाला गेली होती. बाहेरचं पुढचं वलय, २०१६ चं, नखाएवढं रुंद होतं. कंपनीच्या करारावर त्यांनी सही केली नाही.

आता खरेदीबद्दल. माझं गिरमिट परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून मागवलेलं. गिरमिट ४०० चं आणि सोबत पट्टी ३०० ची आली, म्हणजे खोल गेलेली काडी बाहेर यायचा प्रश्नच नव्हता. फोटो पाठवले, चार फोन केले, दोन महिन्यांनी योग्य पट्टी आली. तेव्हा डबा उघडल्याबरोबर पट्टी नळीत पूर्ण जाते का ते बघून घ्या. किंमत एका चांगल्या मोबाइलएवढी पडते, त्यामुळे एकट्या शेतकऱ्यानं घ्यावं असं मी म्हणणार नाही. पाच-सात जणांत एक, नाहीतर कॉलेजनं घ्यावं. टेप आणि क्लिनोमीटर मात्र ज्याच्या बांधावर पन्नास झाडं आहेत त्यानं जरूर घ्यावं. कार्बनवाले दारात आले की त्यांच्या पानावरचा व्यास आणि उंची आपल्या आकड्यांशी लावून बघता येते, आणि उंचीचा रकानाच नसेल तर तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात करता येते. काम झालं की गिरमिट पुसून, तेल लावून ठेवा. माझ्या नळीवर एका पावसाळ्यात गंज चढला होता तो घासून काढावा लागला.

धार लावायचे छोटे दगड परवा आलेत, एक चपटा आणि एक शंकूसारखा, नळीच्या आतून लावायचा. कडेची धार सुतार लावून देतो म्हणालाय, आतली मीच लावणार आहे. बांधावरचे अकरा साग राहिलेत. मृगाच्या आधी त्यांच्या काड्या काढून घ्यायच्या आहेत. मामंजींनी झाडांवर चुन्यानं आकडे टाकून ठेवलेत.